ओळंबा जेवायला बसतो

त्या भागात गवंडी काही कमी नव्हते, पण ओळंबा म्हटलं की एकच. हे त्याचं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला लोखंडी वजन बांधून वरून खाली सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. या गवंड्याच्या खिशात तो कायम असायचा. कामावर असायचा यात नवल नाही, पण लग्नाला जातानाही असायचा आणि दाढदुखीसाठी दाताच्या डॉक्टरकडे जातानाही. डॉक्टर दाढ बघत होते तेव्हा हा तोंड उघडं ठेवून त्यांच्या खिडकीची चौकट बघत होता. दाढ निघाली आणि तोंडात कापसाचा बोळा धरून त्याने पहिलं वाक्य काढलं ते हे, की चौकट डावीकडे झुकली आहे.

माणूस मोठा भला होता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आवाज चढवून बोलायचं त्याला ठाऊक नव्हतं. पण भिंत दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. आधी बोटांच्या पेराने ठोकायचा, मग कान लावायचा, मग दोन पावलं मागे सरून एक डोळा मिटायचा. एवढं झाल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लोक हसायचे. तोही हसायचा, पण ठोकणं सोडायचा नाही.

याचा सगळा भुर्दंड पडायचा तो त्याच्या बायकोवर. ती लहानखुरी, चटपटीत, बोलायला तिखट आणि मनाने मऊ. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, नवरा अबोल आहे, तेव्हा कधी बाहेर जेवायला नेलं तर शेजारच्या टेबलावरच्या लोकांचं बोलणं तरी नीट ऐकता येईल. पण झालं भलतंच. जेवायला बसलं, ताट समोर आलं, की हा म्हणायचा, “आलोच हं.” आणि जायचा. कधी जिन्याची पायरी मोजायला, कधी खांबाला हात लावायला. परत यायचा तेव्हा आमटी निवलेली असायची आणि बायको जेवून बसलेली असायची. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तिथे तर त्याने कमाल केली. तोंडात घास असतानाच उठला, व्याह्यांच्या भिंतीला तळहात लावला आणि म्हणाला, “आत नळ गळतोय.” व्याह्यांचा चेहरा पडला. पुढे भिंत फोडली तेव्हा नळ खरोखरच गळत होता, त्यामुळे व्याही जास्तच रागावले.

“बरोबर होतं की माझं,” तो घरी येऊन म्हणाला.

“होतं ना,” बायको म्हणाली. “पण तुमचं ताट मी झाकून ठेवलं होतं, ते कुणी बघितलं?”

आता त्या भट्टीची गोष्ट. कोपऱ्यावरच्या जुन्या गोदामात एका नवराबायकोने पिझ्झाचं दुकान काढायचं ठरवलं. नवरा भट्टीवर राबणार, बायको गिऱ्हाईक सांभाळणार. त्यांना विटांची, घुमटाची, लाकडावर पेटणारी इटालियन पद्धतीची भट्टी हवी होती. मालकीण हातात एक चित्र घेऊन गवंड्यांकडे फिरली. सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. ओळंब्याने चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, “बघू.” त्यानंतर बरेच दिवस तो झोपेत हातवारे करायचा. एकदा तर बायकोच्या डोक्यावरून हात गोल फिरवून म्हणाला, “इथून वाकवायचं.”

घुमट उभारायचा तर आधी ओल्या वाळूचा ढीग रचायचा, त्यावर विटा बसवायच्या आणि सांधे धरले की भट्टीच्या तोंडातून ती वाळू उपसून काढायची. सगळं जमलं, पण भट्टीचं तोंड अरुंद आणि ओळंब्याचं पोट रुंद. आतले सांधे पुसणार कोण? बायको डबा घेऊन आली होती. तिने डबा खाली ठेवला, केस बांधले आणि कमरेपर्यंत आत शिरली. आतून तिचा आवाज घुमत यायचा, “हा राहिलाय. हा पण. अहो, हा तर तुम्ही भरलाच नाही!” बाहेर ओळंबा नुसता “बरं, बरं” करत होता. पुढे भट्टीची गोष्ट तो कौतुकाने सगळ्यांना सांगायचा, पण सांगताना हा भाग त्याच्याकडून दर वेळी गळायचा. मुद्दाम नव्हे. त्याला घुमट बाहेरूनच आठवायचा, त्याला काय करणार?

दुकान चाललं. मालकीण दिसली की म्हणायची, “काका, काकूंना घेऊन जेवायला या.” काका गेले, पण एकटेच. आणि जेवायला नाहीच. संध्याकाळी कामावरून परतताना आत डोकवायचे, घुमटावर तळहात ठेवायचे, म्हातारीच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसे क्षणभर थांबायचे आणि “जेवण झालंय” म्हणून निघून यायचे. बायकोला हे दूधवाल्याकडून कळलं.

त्या दिवशी ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, आपण जेवायला जायचं.”

“कुठे?”

“तुमच्या भट्टीवर. रोज तिची विचारपूस करता म्हणे. मलाही घेऊन चला एकदा.”

ओळंबा ओशाळला. “जाऊ की. त्यात काय!”

“एक अट आहे. खुर्चीवर बसल्यापासून हात पुसेपर्यंत उठायचं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. उठलात, तर तुमच्याबरोबर बाहेर जेवायला जाणं माझ्यापुरतं संपलं. मी भांडणार नाही, रुसणार नाही. घरी वाढीन, गरम वाढीन. पण बाहेर पुन्हा नाही. रिकाम्या खुर्चीसमोर बसून खूप जेवले मी. आता बास.”

हे ती हसत म्हणाली असती तर त्याने चेष्टेवारी नेलं असतं. पण ती शेंगा मोडत होती आणि एकेक शेंग जरा जास्तच जोराने मोडत होती. ओळंब्याला बोललेलं फारसं कळत नसे, पण ताण कुठे आलाय ते बरोबर कळे. “नाही उठणार,” तो म्हणाला.

निघताना ती दारात आडवी उभी राहिली आणि तळहात पुढे केला. “द्या.”

“काय?”

“खिशातलं.”

त्याने ओळंबा काढून दिला. तिने तो रुमालात गुंडाळून आपल्या पर्समध्ये टाकला. पर्स एका बाजूला लोंबायला लागली. “चला. तोही येतोय आपल्याबरोबर, पण माझ्या ताब्यात.”

दुकान छोटंसंच होतं. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर लसणाच्या माळा, दर टेबलावर काचेच्या पेल्यात मेणबत्ती आणि मागच्या भिंतीला ती भट्टी, आपलं लालभडक तोंड वासून बसलेली. मालकिणीने दोघांना पाहिलं आणि आनंदाने भट्टीसमोरचंच टेबल दिलं. तिला वाटलं, काकांना आपलं काम डोळे भरून बघता येईल. तिला बिचारीला अटीचं काय माहीत? ओळंबा भट्टीकडे तोंड करून बसला. बायको भट्टीकडे पाठ करून.

बसल्या बसल्या टेबल डुगडुगलं. ओळंबा खाली वाकला.

“अहो!”

“उठलो कुठे? वाकलो.”

“वाकायचंही नाही.”

“असं ठरलं नव्हतं,” तो टेबलाखालून म्हणाला आणि कागदी रुमालाची घडी पायाखाली सरकवून लाल चेहऱ्याने वर आला. टेबल स्थिर झालं. बायकोने हलवून बघितलं आणि तेवढं खपवून घेतलं.

मग तो भट्टीकडे बघू लागला. नुसता बघू लागला असं म्हणणं बरोबर नाही. त्याने एक डोळा मिटला. घुमटाची कड, तोंडाची कमान, धुराची वाट, सगळं त्याने नजरेनेच ठोकून पाहिलं. भट्टीसमोर मालकिणीचा नवरा लांब दांड्याच्या फावड्यावरून पिझ्झे आत सारत होता. एरवी मोठा हसतमुख माणूस. त्याने सहज वर बघितलं, तर ओळंबा एक डोळा मिटून आपल्याकडे पाहतोय. त्याने नजर खाली घातली. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. ओळंबा तसाच. आता दोन्ही डोळे उघडे, पण भुवया आवळलेल्या.

“काय म्हणतेय माझी सवत?” बायकोने विचारलं.

“कोण?”

“मागे बसलीय ती. माझ्याकडे बघा जरा.”

त्याने बघितलं. ती छान दिसत होती. ठेवणीतले कपडे, कानात लेकीने दिलेल्या कुड्या. हे बोलून दाखवावं असं त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “जाळ चांगला धरतेय.”

बायकोने कपाळावर हात मारला, पण हसली.

पिझ्झे आले. मालकिणीने स्वतः आणले. टोमॅटोचा लाल रंग, वितळलेल्या चीजचे पांढरे डाग, वर दोनचार हिरवी पानं. बायकोचा पिझ्झा गोल, सोनेरी, बघत राहावा असा. ओळंब्याचा मात्र अर्धा सोनेरी आणि अर्धा कोळसा. एका बाजूची कड काळी ठिक्कर पडलेली.

ओळंब्याने ताट जवळ ओढलं. भट्टी एका अंगाने जास्त तापत होती तर! कुठे चुकलं? घुमट एका बाजूने खाली बसला? तळाची वीट उचलली गेली? सांधा सुटून आत वारा घुसत असेल? हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा. समोरच्या खुर्चीला पर्स लटकत होती आणि तिच्यात त्याचा जीवच टांगणीला लागला होता.

भट्टीची अब्रू झाकायची म्हणून त्याने जळका भाग आधी खायला घेतला. खाण्यापूर्वी सवयीने कडेवर बोटाच्या पेराने टकटक केलं.

“अहो, वीट नाही ती.”

“भाजलंय का बघतोय.”

“ते लांबूनही दिसतंय.” तिने त्याच्या ताटाकडे बघितलं आणि भुवई उंचावली. तो घाईघाईने काट्याच्या पाठीने चीज जळक्या बाजूकडे पसरू लागला. इतकं सफाईदार, की टोक ते टोक एकसारखा थर.

“गिलावा करताय का?”

“नाही गं. खातोय.” त्याने कोळशाचा एक मोठा तुकडा तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावला. “मस्त झालाय.”

मालकीण जवळून गेली तसा तो हळूच म्हणाला, “जरा ऐका. आत डाव्या हाताला, तळाशी, एखादी वीट वर आलीय का, तेवढं बघायला सांगाल?”

“मी ऐकतेय,” बायको म्हणाली.

“मी बसूनच आहे,” तो म्हणाला.

“उठायचं नाही म्हणाले, तेव्हा माणसं धाडायची नाहीत असंही म्हणायला हवं होतं. चुकलंच माझं.”

मालकीण भट्टीकडे गेली. नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली. त्याच्या हातातलं फावडं थांबलं. तो वाकून आत बघू लागला, मग ओळंब्याकडे बघू लागला. आणि ओळंबा? तो खुर्चीच्या दोन्ही कडा हातांनी घट्ट धरून बसला होता, होडीत पहिल्यांदा बसलेला माणूस बसतो तसा. बायको सावकाश जेवत होती. लेकीचं पत्र आलं, शेजारणीने खिडकीला नवे पडदे लावले, ते कसले भयंकर आहेत, सगळं सांगत होती. तो हो-हो करत होता. तिला कळत होतं की यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरत नाही. पण तो बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसला होता. तिने पडद्यांचा रंगसुद्धा सविस्तर सांगितला.

तेवढ्यात मालकीण परत आली. चेहरा काळजीचा.

“काका, हे म्हणतायत, तुम्ही मघापासून भट्टीकडे बघताय. काही दिसलंय का तुम्हाला? भेग वगैरे? दोन मिनिटं येऊन बघता का? त्यांचं कामात लक्षच लागेना.”

आता काय करायचं? त्याने मागून घेतलेलं नव्हतं. खुद्द मालकीण बोलवायला आली होती. कुणीही उठलं असतं. बायकोने काटा खाली ठेवला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मेणबत्तीकडे बघत होती आणि बोटाने टेबलक्लॉथवरचा एक लाल चौकोन पुन्हा पुन्हा गिरवत होती.

ओळंब्याचे गुडघे आपसूक ताठ झाले. खुर्ची किंचित करकरली. मग तो पुन्हा टेकला.

“नाही,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. “मी जेवतोय. हिच्याबरोबर.”

मालकीण बघतच राहिली. ओळंबा भिंतीला नाही म्हणाला, हे तिने घरोघर जाऊन सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता.

बायकोने चौकोन गिरवणं थांबवलं. रुमालाने ओठ टिपले आणि उभी राहिली.

“बसा तुम्ही. मी बघून येते.”

“तू?”

“अट तुमच्यासाठी होती. आणि आतून ती भट्टी माझ्याइतकी कुणी बघितलीय?”

ती गेली. ओळंबा एकटा उरला. त्याला लांबून दिसत होतं की ती भट्टीला वळसा घालतेय, घुमटावर बोटाच्या पेराने ठोकतेय, कान लावतेय, मग दोन पावलं मागे सरून एक डोळा मिटतेय. हे सगळं ती कधी शिकली? मग ती मालकिणीच्या नवऱ्याशी बोलू लागली. तो हात हलवून काहीतरी सांगत होता. ती हसली. तोही हसला. पुन्हा काहीतरी बोलणं झालं. ओळंब्याला एक शब्द ऐकू येईना.

त्याने ताटाकडे बघितलं. चीज घट्ट होत चाललं होतं. एक तुकडा उचलला आणि तसाच धरून बसला. समोर कुणी नसलं की घास तोंडापर्यंत जायला का-कू करतो, हे त्याला आजच कळत होतं. पलीकडच्या टेबलावरचं कुटुंब त्याच्याकडे कनवाळूपणे बघत होतं. त्यांच्यातल्या आजीबाईंनी तर “या की आमच्यात” अशी मान हलवली. त्याने उगाच मिठाची बाटली सरळ केली. मग पुन्हा वाकडी केली आणि पुन्हा सरळ केली. तिच्या ताटातला अर्धा पिझ्झा निवत होता. त्याने टेबलावरची एक रिकामी थाळी उपडी करून तिच्या ताटावर झाकण घातलं.

ती आली तेव्हा तिच्या बाहीला काजळी लागली होती.

“किती वेळ लावलास!” तो म्हणाला. “सगळं गार झालं.”

बोलून गेला आणि थबकला. हे वाक्य त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. आजवर ते टेबलाच्या त्या बाजूने यायचं.

बायकोने त्याच्याकडे बघितलं, झाकलेल्या ताटाकडे बघितलं आणि हसायला लागली. इतकी हसली, की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. ओळंबा आधी रागावायच्या बेतात होता. मग त्यालाही हसू फुटलं आणि अडकलेला कोळसा एकदाचा घशाखाली उतरला.

“भट्टीला काय झालंय?” त्याने शेवटी विचारलं.

“काही नाही. ठणठणीत आहे. एक सांधा हलला नाही.”

“मग एक बाजू जळली कशी?”

“पिझ्झाची एक बाजू जाळाकडे असते. मध्येच तो फिरवावा लागतो. तुमचा आत होता तेव्हा तुम्ही डोळे वटारून बघत होतात. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते शोधायच्या नादात तो पिझ्झा फिरवायलाच विसरला. आणि वर तुम्ही वीट बघायला सांगितलीत, तेव्हा तर त्याला वाटलं, आता घुमटच कोसळतो!”

“म्हणजे दोष माझ्या बघण्यात?”

“भट्टीत तर नाही ना? मग खूश व्हा.”

तो खरोखरच खूश झाला. ते त्याला लपवताही आलं नाही. बायको म्हणाली, “उठा आता.”

“उठू?” त्याने संशयाने विचारलं. “अट?”

“माझ्या परवानगीने उठा आणि इकडे बसा. जागा बदलू. मी बघते तिच्याकडे, तुम्ही भिंतीकडे पाठ…” तिने मागे पुढे बघितलं. चारही बाजूंना भिंतीच होत्या. “बरं, तुम्ही माझ्याकडे बघा.”

जागा बदलल्या. मालकिणीच्या नवऱ्याने दुसरा पिझ्झा पाठवला, दोघांत मिळून एक, सगळीकडून सारखा भाजलेला. ओळंब्याने कडेवर टकटक केलं. बायकोनेही केलं.

“खणखणीत,” दोघं एकदम म्हणाले.

“कुड्या छान दिसतायत,” तो मग म्हणाला. जरा उशिराच, आणि पिझ्झाकडे बघत. तिने ऐकलं नाही असं दाखवलं आणि सर्वांत मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

हात पुसून झाले. दारातून बाहेर पडताना तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती न उघडताच खिशात टाकली.

“पुढच्या वेळी,” ती म्हणाली, “त्या पुलापलीकडच्या खानावळीत जाऊ.”

‘पुढच्या वेळी’ हे दोन शब्द ऐकून तो पायरीवरच थांबला. मग अगदी बेताने, कुणाची झोप मोडू नये तसा म्हणाला, “तिथली पुढची भिंत जरा फुगलीय असं वाटतं. मी काही मुद्दाम बघितलेलं नाही.”

“फुगलीय. मी बघितलंय. म्हणून जरा लवकर निघू. आधी भिंत बघून घ्यायची, मग बसायचं.”

“आणि ठोकणार कोण?”

“तुम्ही ठोका,” ती म्हणाली. “कान मी लावीन.”